डावीकडची जागा

वर्ध्याला आर्वी नाक्याच्या थोडं अलीकडं, चंद्रभान शिंप्याच्या दुकानाला लागून तानबाचं दुकान आहे, आणि तिथं आता काही दुरुस्त करायला येणाऱ्यांपेक्षा नुसते टेकायला येणारे लोक जास्त. टीव्ही चपटे होऊन भिंतीला चिकटले, बिघडले की फेकून द्यायचे झाले, तेव्हापासून तानबाच्या वाट्याला पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणि एखाद्या हट्टी म्हाताऱ्याचा रेडिओ एवढंच उरलं होतं. तरी तो रोज सकाळी शटर उचलायचा, टेबलाला लावलेला हात कपाळाला न्यायचा आणि लांब लाकडी बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसायचा. बाक दोन माणसांचा होता. उजव्या टोकावर वायरींची खोकी रचलेली असत. मध्ये बसला असता तर दोन्हीकडं हात सहज पोचले असते, पण मध्ये तो कधी बसला नाही, आणि का बसत नाही असं विचारणारंही कोणी उरलं नव्हतं.

शिवरात्र होऊन गेल्यावरच्या एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात जुन्या चादरीत बांधलेलं चपटं, जड गाठोडं, आणि डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

"मोठे बाबा, वळखलं का मले?"

तानबानं चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. त्याच्या धाकट्या भावाची, लहानूची मंजुषा.

"वळखलं ना बापा. लहानूचं नाक घेऊन फिरून राह्यली, अन् वळखणार नाई का?"

ती हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "बाबा सावंगीच्या दवाखान्यात हायेत. लकवा मारला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. पण चांगला हात चादरीवर असा असा चालत राह्यते, टकटक टकटक. पाह्यता पाह्यता मले समजलं, ते हे मशीन चालवून राह्यले." तिनं गाठोडं टेबलावर ठेवलं. "घरून आणलं. लावून पाह्यलं, तं टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मंग मी एकेकाचं नाव घेऊन त्यांले विचारलं, कोणाकडं नेऊ? तुमचं नाव घेतलं तेव्हा डोळे मिटून हाव म्हणाले."

"ठेव," तानबा म्हणाला. "पाह्यतो."

कोणत्या वॉर्डात आहे, बोलणं समजतं का, जेवण जातं का, यातलं काहीच त्याच्या तोंडून निघालं नाही. ती गेल्यावर हे सगळे प्रश्न एकामागून एक त्याच्या मनात आले, तसे ते नेहमी माणूस गेल्यावरच येत.

मशीन म्हणजे जाडजूड टाइपरायटरसारखं एक धूड. बटणांच्या खालीच सगळा कॉम्प्युटर, आणि मागून टीव्हीच्या अँटेनात खोचायची वायर. जुन्या काळी कुठल्याशा शाळेनं भंगारात काढलं, ते लहानूनं उचलून घरी नेलं होतं आणि त्यावर आपल्या पोरीला अक्षरं शिकवली होती. तानबानं कोपऱ्यातला जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही पुसून टेबलावर घेतला आणि वायर जोडली. मुंग्या दिसल्या, आणि त्यांच्यामागून पाण्याची मोटर चालू असल्यासारखी घरघर.

घाई त्याच्या हातांना ठाऊकच नव्हती. आधी त्यानं करंट कसा येतो ते पाहिलं. एक कंडेन्सर डोक्यावर फुगला होता, तो बदलला, तशी घरघर गेली. मग मुंग्यांमागं काहीतरी पांढुरकं वर वर सरकताना दिसायला लागलं, धुक्यातून बैलगाडी जावी तसं. टीव्हीकडं चित्र पाठवणारी पत्र्याची छोटी डबी त्यानं उघडली, तिच्यातले सोल्डरिंगचे दोन टाके वरून चांगले दिसत होते आणि खालून सुटले होते. ते पुन्हा तापवून भरले. टीव्हीचं बटण इकडंतिकडं करत चित्राला एका जागी धरलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुषा डबा घेऊन सावंगीला जाताना डोकावली, तेव्हा काळ्या काचेवर पांढरी अक्षरं स्थिर उभी होती आणि त्यांच्या शेवटी एक चौकोनी ठिणगी लुकलुकत होती.

"अय्यो! अगदी घरच्यासारखं!" ती म्हणाली, आणि तिनं एक बटण दाबून धरलं, तसं शिडीच्या पायरीसारखं एक इंग्रजी अक्षर ओळीनं उमटत सगळा पडदा भरत गेलं.

पडदा भरला, पण पुरता नाही. उजवीकडं अक्षरं काचेच्या कडेला जाऊन भिडली होती, आणि डावीकडं वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी मोकळी राहिली होती.

"हे सरकलेलं हाये," तानबा म्हणाला.

"ते पहिल्यापासून असंच. मी म्हणो, बाबा, मधात घ्या ना. तं ते म्हणत, राहू दे, तिकडं थोडी जागा असू दे." मंजुषानं बटणावरचं बोट उचललं नाही. "एक विचारू का मोठे बाबा? अण्णाजीच्या टीव्हीचं ते. बाबांच्याच हातून झालतं का खरंच?"

बाहेर चंद्रभानची शिलाई मशीन चालू होती. ती थांबली असती तर बरं झालं असतं, किंवा आणखी जोरात चालली असती तरी बरं झालं असतं.

"जुनं झालं ते पोरी," तानबा म्हणाला. "आता कायले उकरतं?"

तिनं मान हलवली, जसं काही हेच उत्तर तिनं घरून बांधून आणलं होतं. "मशीन घेऊन जाऊ का मंग?"

"असं वाकडं चित्र मी दुकानातून बाहेर जाऊ देत नाई. सरळ करतो अन् मीच घेऊन येतो."

ती गेली. तानबानं दुसरा टीव्ही जोडून पाहिला; पट्टी तशीच होती, म्हणजे खोट मशीनमध्ये. त्यानं झाकणाचे स्क्रू काढले, पार खालची सर्किटची पाटी बाहेर घेतली, आणि कोपऱ्यातल्या प्रीसेटवर त्याची नजर थांबली. त्याच्यावर एक लाल ठिपका होता.

दुरुस्ती संपली की आतल्या प्रीसेटवर रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्या दोघा भावांची रीत. प्रीसेट म्हणजे पेचकसानं फिरवायचं बारीकसं बटण. चित्र किती उजळ, किती डावं-उजवं, ते त्याच्यावर ठरतं. ठिपका वाळला की ते हलत नाही, आणि मागाहून कोणी हात घातला तर लगेच समजतं. तानबाचा ठिपका हिरवा, दाराला लावून उरलेल्या ऑइलपेंटचा. लहानूचा लाल, बायकोच्या नेलपॉलिशचा, आणि लहानू टीव्हीची नखं रंगवते म्हणून बाजारात त्याची थट्टा व्हायची. ठिपका वाळेस्तोवर कशालाच हात लावायचा नाही, हा नेम. तेवढा वेळ दोघं बाकावर, तानबा डावीकडं आणि लहानू उजवीकडं, हात मांडीवर ठेवून बसत, आणि दिवसभराचं जे काही बोलायचं असेल ते तेवढ्यात बोलून घेत.

पुष्कळ वर्षांपूर्वी बाजारातल्या अण्णाजींच्या घरचा रंगीत टीव्ही तानबानंच दुरुस्त केला होता. अण्णाजींना चित्र आणखी उजळ हवं होतं, म्हणून त्यानं आतलं व्होल्टेज पाहिजे त्यापेक्षा थोडं वर नेऊन ठेवलं, आणि त्या दिवशी हिरवा रंग सुकलेला निघाला म्हणून शेजारची लाल बाटली उचलून ठिपका दिला. एवढंच. त्यात कपट काही नव्हतं. पुढं एका दुपारी तो टीव्ही पेटला, त्याच्यावरचा कपडा पेटला, आणि समोर बसलेली अण्णाजींची धाकटी मुलगी जया कोपरापर्यंत भाजली. लोकांनी जळका सेट आणून ह्याच टेबलावर आदळला, झाकण उचकटलं, आणि काजळीतला तो लाल ठिपका सगळ्यांनी पाहिला. लाल म्हणजे लहानू, हे बाजारात पोरासोरांनाही ठाऊक. गर्दी ओसरली की सांगू, असं तानबानं मनाशी ठरवलं. गर्दी ओसरली. लहानूनं ठिपक्याकडं पाहिलं, मग फळीवर अजून तसाच पडलेल्या सुकल्या हिरव्या डबीकडं पाहिलं, आणि मग दादाकडं.

"तू बस दादा," तो म्हणाला. "मी सरकतो."

पेचकस आणि लाल बाटली खिशात टाकून तो बाकावरून उठला तो तळेगावलाच गेला. तिथं वांगी-टमाटे पिकवले, बाजारात बसला. दुरुस्तीला मात्र त्याच्याकडं पुन्हा कोणी काही दिलं नाही. लग्नाकार्यात भेटला की तानबाच्या पाया पडायचा, गुडघे कसे आहेत विचारायचा. त्या गोष्टीचं त्यानं कधी नाव काढलं नाही. त्यानं एकदा तरी ते काढावं, चारचौघांत शिव्या द्याव्यात, म्हणजे आपल्यालाही तोंड उघडता येईल, असं तानबाला वाटत राहिलं, आणि त्या वाटण्यात दोघंही म्हातारे झाले.

आता मात्र त्यानं ठरवलं. चित्र मधोमध आणायचं, मशीन घेऊन सावंगीला जायचं, आणि लहानूच्या कानाशी वाकून, पोरीच्या देखत, सगळं सांगायचं. आधी चित्र. त्यानं ब्लेडनं लाल ठिपका खरवडला. तो सहज निघाला नाही. पेचकस लावून प्रीसेट हळूहळू फिरवला, तशी अक्षरं डावीकडं आली, दोन्ही कडा सारख्या झाल्या. त्यानं हिरवा ठिपका दिला आणि वाळेस्तोवर एकटाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं, तर चित्र पुन्हा उजवीकडं गेलेलं होतं. पट्टी कालच्यापेक्षा रुंद होती. झाकण काढून पाहिलं. हिरवा ठिपका जागच्या जागी, कोरडा, कुठं केसाएवढी चीर नाही.

त्यानं प्रीसेटच बदलला. त्याच्या आसपासचं जे जे बदलण्यासारखं होतं ते बदललं. प्रत्येक वेळी संध्याकाळी चित्र सरळ व्हायचं आणि सकाळी ते सरकलेलं असायचं, आधीपेक्षा थोडं जास्त. ओळीच्या शेवटची अक्षरं आता उजव्या कडेच्या मागं पडायला लागली होती. त्यानं चंद्रभानला हाक मारली.

"टेप घेऊन ये जरा. दोन्हीकडून माप घे याचं."

चंद्रभाननं गळ्यातली टेप काढली, काचेवर इकडून लावली, तिकडून लावली. "टीव्हीले काय आता पँट शिवतं का तानबा?" तो म्हणाला. "सारखं हाये बापा दोन्हीकडून. मधातच तं हाये."

"नीट पाह्य."

"नीटच पाह्यलं. आयुष्यभर मापंच घेऊन राह्यलो. तू डोळे दाखव कोणाले तरी."

चंद्रभान गेल्यावर तानबानं पट्टीकडं पाहिलं. उन्हाचा कवडसा काचेवर पडला होता, आणि त्या काळ्या पट्टीत त्याला स्वतःचा कान आणि अर्धा गाल दिसला. तो टेबलाच्या डावीकडं बसत होता, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. तरी त्यानं मान मागं घेतली.

त्याच दुपारी मंजुषाचा फोन आला. "झालं का मोठे बाबा?"

"होत आलं."

"वाकडं असलं तरी चालते, घेऊन या ना. बाबांचं आता एक नवीनच सुरू झालं. पलंगाच्या उजव्या कडेले सरकून झोपून राह्यले. सिस्टर मधात करते, घडीभरानं पाह्यलं तं पुन्हा कडेले. पडतील म्हणून कठडा लावला. अन् डावीकडं ही एवढी जागा मोकळी. मी विचारलं, बाबा, कोणासाठी? तं नुसते दाराकडं पाह्यतात."

तानबानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "उद्या येतो," तो म्हणाला.

घरी कुसुमबाईनं जेवायला वाढलं, आणि त्याला दिसलं की भाकर, झुणका, कांदा, सगळं ताटाच्या उजव्या अर्ध्यात आहे. डावीकडं नुसतं स्टील चकाकत होतं. समोरच्या भिंतीवरच्या चपट्या टीव्हीत बातम्या सांगणारी बाई एका कडेला गेली होती, तिचा एक खांदा काचेच्या बाहेर पडला होता, आणि तिच्या शेजारी कोणीतरी येऊन बसायचं असावं अशी जागा सोडून ती बोलत होती.

"तुमचं लक्ष नाई ताटात," कुसुमबाई म्हणाली. "जाऊन या ना एकदा. सख्खा भाऊ हाये."

"जातो. चित्र सरळ झालं का जातो."

"भावाले पाहाले जाऊन राह्यले का चित्राले?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि डावीकडच्या मोकळ्या जागेत ठेवला. तिथं तो फार एकटा दिसायला लागला, म्हणून परत उचलला.

उद्याचा दिवस तसाच सरला, परवाचाही सरला. मंजुषाचे फोन येत राहिले, आणि दर फोनला तो 'होत आलं' म्हणत राहिला. तिचा आवाज बारीक होत चालला होता. बाबा आता काही घेत नाहीत, हातही चालत नाही, पण कडेला सरकायचं तेवढं सोडत नाहीत, असं ती सांगायची. इकडं दुकानात पट्टी निम्म्या पडद्यापर्यंत आली होती. आणि एका सकाळी ऊन बरोबर काचेवर आलं, तेव्हा तिच्यात त्याचा चेहरा आख्खा मावला: दोन्ही कान, चष्मा, हनुवटी, आणि त्याच्या उजव्या खांद्याला लागून, अगदी खेटून, ती पांढरी अक्षरं गप्प उभी होती.

हे सरळ करायचं चित्र नव्हतंच, हे तानबाला आता उमगलं, आणि उमगल्याबरोबर अंग हलकं होण्याऐवजी असं जड झालं की टेबल धरून उठावं लागलं. कोणी बोट दाखवलं असतं तर ते त्यानं सोसलं असतं. लहानूनं आपल्यासाठी ही जागा धरून ठेवणं त्याला सोसवेना.

त्यानं बाकाच्या उजव्या टोकावरची खोकी उचलून जमिनीवर ठेवली आणि धूळ पुसली. खाली लाकूड अजून गुळगुळीत होतं. मग मंजुषाला त्यानं स्वतःहून फोन लावला.

"आज आणून राह्यलो मंजू. जसं हाये तसं. अन् तुले काई सांगायचं हाये. त्याच्या समोर सांगतो."

"लवकर या मोठे बाबा," ती म्हणाली. "ते वाट पाहून राह्यले."

चंद्रभाननं ऑटो थांबवून ठेवला. तानबानं चादर पसरली, मशीन तिच्यावर ठेवलं, आणि मग त्याचा हात थांबला. एकदा चालू करून पाहिल्याशिवाय कुठलीही वस्तू त्यानं जन्मात दुकानाबाहेर दिली नव्हती. एवढं एक पाहू आणि निघू. त्यानं वायर पुन्हा जोडली, टीव्ही तापू दिला, आणि ते शिडीच्या पायरीसारखं अक्षर दाबून धरलं.

अक्षरं डाव्या कडेपासून सुरू झाली. अगदी कडेपासून. ओळ डावीकडून उजवीकडं पुरती गेली, खाली दुसरी, तिसरी, आणि बघता बघता सगळी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून गेली. चित्र मधोमध होतं. आयुष्यात इतकं नेमकं चित्र त्यानं बसवलं नव्हतं. ऊन मघाच्याच जागी होतं, तोही मघाच्याच जागी बसला होता, पण काचेवर त्याचा चेहरा कुठं दिसत नव्हता. तिथं जागाच नव्हती.

त्यानं मशीन बंद केलं, पालथं घातलं, आणि एकेक स्क्रू काढला. हात नेहमीसारखेच सावकाश चालत होते. झाकण बाजूला केल्याबरोबर ओळखीचा उग्र गोडसर वास आला. प्रीसेटवर त्याचा हिरवा ठिपका नव्हता. तिथं लाल ठिपका होता, गोल, चकचकीत, फुगीर. तानबानं त्याच्यावर बोट टेकवलं, आणि बोट लाल झालं.

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. टेबलावर फोन थरथरायला लागला, वाजायला लागला. फोनच्या काचेवर मंजुषाचं नाव होतं. तानबा बाकाच्या डाव्या टोकाला बसून होता, एक हात मांडीवर आणि एक बोट हवेत.

"तानबा, फोन वाजून राह्यला ना कवाचा!" चंद्रभान दारातून म्हणाला. "उचल की बापा!"

तानबानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तो बाकाच्या उजव्या टोकाकडं पाहत होता.

"थांब," तो म्हणाला. "वाळू दे."